धावपटूंचे प्रश्न: ऑगस्टमध्ये पळणारे पाय नोव्हेंबरमध्ये जड का होतात?

पावसाळी शर्यतींपासून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनपर्यंतचा हंगाम आता मध्यावर आला आहे. या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: सुरुवात छान झाली, मग वेळ घसरत गेली. कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी आहेत आणि चुकीच्या कारणावर उपाय केला तर उरलेला हंगामही हातचा जातो. म्हणून यंदा प्रश्न कमी घेतले आहेत आणि उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: वय 24, सातारा जिल्हा. ऑगस्टमध्ये 10 किमी 33:10 मध्ये धावलो. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन केली. त्यानंतर जवळजवळ दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत, काही ठिकाणी बक्षीसही मिळालं. आता तेच 10 किमी 34:40 मध्ये होतंय. तिसऱ्या किलोमीटरनंतरच पाय जड होतात. सराव वाढवून पाहिला, फरक नाही. जानेवारीत मुंबईची हाफ करायची आहे.

सराव वाढवला तिथेच घसरण पक्की झाली. तुमची सरावाची वही काढा आणि जुलैतल्या चार आठवड्यांचे किलोमीटर गेल्या चार आठवड्यांशी ताडून बघा. दर रविवारी शर्यत असेल तर सोमवार-मंगळवार पाय मोकळे करण्यात जातात, शुक्रवार-शनिवार रविवारसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणजे खऱ्या सरावाला बुधवार-गुरुवार एवढेच उरतात. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली एक लांब आणि सावकाश धाव, तर पूर्णच बंद पडते. ज्या पायावर 33:10 उभं होतं तो पाया असा आठवड्यागणिक झिजतो. शर्यतीतल्या वेगाने काही दिवस निभतं, पण सहा-सात आठवड्यांत तेही संपतं.

दुसरा भाग घाटाचा. सातारा हिल हाफमधला यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण पायांची खरी मोडतोड होते उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो आणि त्यात त्याचे तंतू तुटतात. ठणका चार-पाच दिवसांत जातो, ताकद परत यायला मात्र दहा-चौदा दिवस लागू शकतात. ठणका थांबला म्हणून पुढच्याच रविवारी छातीवर बिब (शर्यतीचा क्रमांक) लावलं, की अर्धवट बऱ्या झालेल्या पायावर नवा घाव बसतो. शर्यतीनंतर किती दिवस जोराचा सराव टाळायचा, याचा जुना ठोकताळा मैलामागे एक दिवस असा आहे. 10 किमीला साधारण 6 दिवस, हाफला 13. घाटाच्या हाफला त्याहून थोडे जास्तच द्या.

आता उपाय. पहिले चार दिवस धावणं पूर्ण बंद, फक्त चालणं. पुढचे तीन दिवस 30 ते 40 मिनिटं, सहज बोलता येईल इतक्या वेगाने. तुमच्यासाठी तो किलोमीटरला 4:45 ते 5:00 असेल. दुसऱ्या आठवड्यात 45 ते 50 किमी, सगळे याच वेगाने. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा 7-8 ठोके जास्त सलग तीन-चार दिवस दिसले तर पुढचा टप्पा लांबवा. तिसऱ्या आठवड्यात 60 किमी आणि दोनदा 100 मीटरचे सहा मोकळे वेगवान तुकडे. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात 75 ते 85 किमी. त्यात एक दिवस 2 किमीचे चार तुकडे किलोमीटरला 3:28 ते 3:32 वेगाने, मध्ये 75 सेकंद विश्रांती. दुसरा दिवस 1 किमीचे सहा तुकडे 3:18 ते 3:20 ने, मध्ये दोन मिनिटं हलकं धावणं. रविवारी 20 ते 24 किमी सावकाश. सहाव्या आठवड्याच्या शेवटी एकच 10 किमी शर्यत धावा. शेवटच्या दोन आठवड्यांत किलोमीटर आधी पाऊणपट, मग निम्मे करा, पण वेगाचे तुकडे पूर्ण बंद करू नका, फक्त त्यांची संख्या कमी करा. पूर्ण आराम केला तर पाय सुस्तावतात.

बक्षिसाच्या शर्यती सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पाच-दहा हजार रुपयांत खोलीचं भाडं आणि बूट निघतात, हे आम्हाला माहीत आहे. पण तीन आठवड्यांत एकच शर्यत जीव तोडून धावा. मधल्या एखाद्या शर्यतीत 3:30 च्या वेगाने धावूनही क्रमांक येत असेल तर ती सराव म्हणून धावा. तिथे कुणी पुढे गेला तर जाऊ द्यायचं, हे सुरुवातीच्या रेषेवरच मनाशी ठरवा, कारण धावता धावता ते ठरत नाही.

प्रश्न: वय 21, नाशिक, 5000 आणि 10000 मीटर. ऑक्टोबरपासून जिना चढतानाही धाप लागते. हिमोग्लोबिन 11.8, फेरिटिन 14. लॅबच्या कागदावर फेरिटिन नॉर्मल लिहिलं आहे. मग वेळ का घसरते?

लॅबची खालची मर्यादा सर्वसाधारण लोकांसाठी असते आणि बऱ्याच लॅबमध्ये ती 10-15 च्या आसपास ठेवलेली दिसते. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. 30 च्या खाली गेलं की लांब पल्ल्याच्या धावपटूत साठा रिकामा धरावा. तुमचं हिमोग्लोबिनही स्त्रियांसाठीच्या 12 या मर्यादेच्या खाली आहे. म्हणजे साठा तर संपलाच आहे, रक्तही उतरू लागलं आहे. फक्त हिमोग्लोबिन तपासणाऱ्या मुलींचं निदान असंच उशिरा होतं, कारण फेरिटिन आधी उतरतं आणि हिमोग्लोबिन त्याच्या बरंच नंतर.

गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. किती आणि कशी घ्यायची हे त्यांना विचारताना पुढच्या गोष्टी बोला. रोज दोनदा घेण्यापेक्षा दिवसाआड एकदा घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह अधिक शोषलं जातं आणि पोटालाही त्रास कमी होतो. जोराच्या सरावानंतर तीन ते सहा तासांनी शरीरात हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. म्हणून गोळी सकाळी, सरावाच्या आधी किंवा सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून तिला किमान एक-दोन तास लांब ठेवा. पहाटे उठल्यावर कपभर चहा आणि त्यावर लोहाची गोळी हा क्रम आपल्याकडे घरोघरी दिसतो. गोळीचा निम्मा फायदा तिथेच जातो.

आहारात बाजरी, काळे चणे, मेथी, अळिवाचे लाडू जरूर असू द्या, पण या लोहाचा थोडाच भाग शोषला जातो. जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर तो वाढतो. मांसाहार चालत असेल तर मटण आणि कलेजी आठवड्यातून दोनदा. फेरिटिन 14 वरून निव्वळ आहाराने या हंगामात वर येणार नाही, ते खरं औषधानेच येईल.

पुढची तपासणी आठ ते बारा आठवड्यांनी करा. जोराच्या सरावानंतर दोन दिवसांत किंवा ताप असताना रक्त देऊ नका, तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. तोपर्यंत फक्त सावकाश धावणं आणि छोटे तुकडे ठेवा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणं तेवढंच गरजेचं आहे. गळतीचं मूळ तसंच राहिलं तर भरलेला साठा पुन्हा रिकामा होईल. घरच्या घरी कुणाकडून लोहाची सलाईन लावून घेऊ नका, त्याचं कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न: राज्य स्पर्धेत 5000 मीटरला माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा 25 सेकंद जास्त लागले. प्रशिक्षक म्हणतात फॉर्म गेला. खरंच?

एका शर्यतीवरून नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा 2022 चा हंगाम पाहा. मे महिन्यात 5000 मीटरमध्ये 13:25.65 धावून त्याने बहादूर प्रसाद यांचा 1992 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जूनमध्ये मोरोक्कोतल्या रबातला 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत) 8:12.48. जुलैत युजीनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत 8:31.75 आणि अकरावा क्रमांक. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 6 ऑगस्टला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20, नवा राष्ट्रीय विक्रम आणि रौप्यपदक. सुवर्णपदक फक्त 0.05 सेकंदाने हुकलं. युजीनची ती अंतिम फेरी सगळ्यांनीच सावध धावली होती. विजेत्या सूफियान एल बक्कालीलाही 8:25.13 लागले. तिथली वेळ पाहून त्याचा फॉर्म गेला असं म्हटलं असतं तर ते साफ चुकीचं ठरलं असतं.

तुमच्या शर्यतीतल्या प्रत्येक 400 मीटरच्या फेरीची वेळ मिळवा. पहिले 3 किमी सगळा घोळका सावकाश गेला आणि शेवटचा किलोमीटर तुम्ही नेहमीसारखा किंवा जोरात मारला, तर फॉर्म जागेवर आहे. फेरीगणिक वेळ वाढत गेली असेल तर मात्र शोध घ्या. दर पंधरा दिवसांनी एक साधी चाचणी ठेवा: तोच मार्ग, तीच वेळ, 15 मिनिटं वॉर्मअप, मग नाडी 150 वर ठेवून 5 किमी. इथली वेळ सलग दोनदा वाढली तर प्रशिक्षकांचं म्हणणं मान्य करा.

प्रश्न: शर्यत रविवारी, गुरुवारी ताप आला. गावच्या दवाखान्यात सलाईन लावतात, एक इंजेक्शन देतात आणि दोन दिवसांत माणूस उभा राहतो. धावावं का?

नाही, आणि त्याची दोन स्वतंत्र कारणं आहेत.

पहिलं तब्येतीचं. ताप असताना किंवा तापानंतर लगेच जोरात धावलं तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. नुसती सर्दी, नाक वाहणं असेल तर हलकं धावता येतं. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर अजिबात नाही. पावसाळा संपताना येणारा ताप डेंग्यू किंवा चिकुनगुनिया असू शकतो, म्हणून तपासणी झाल्याशिवाय पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका. डेंग्यूत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने रक्तस्राव वाढतो. चिकुनगुनियानंतर सांधे आठवडे-महिने दुखतात. त्या काळातली घसरण ही आजाराची घसरण असते, ती सराव करून भरून येत नाही.

दुसरं कारण नियमांचं, आणि ते गावोगावच्या गुणी मुलांना कुणी सांगत नाही. बारा तासांत 100 मिलीलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं उत्तेजकविरोधी नियमांत बंद आहे, मग त्यात नुसतं मीठ-साखर का असेना, आणि शर्यत जवळ नसली तरीही. रुग्णालयातल्या उपचारात, शस्त्रक्रियेत किंवा वैद्यकीय तपासणीत दिलेली सलाईन तेवढी अपवाद आहे. साधी बाटली 500 मिलीलिटरची असते. ‘ताकदीचं’ म्हणून देतात त्या इंजेक्शनात बऱ्याचदा ग्लुकोकॉर्टिकॉइड प्रकारचं स्टेरॉइड असतं आणि ते स्पर्धाकाळात बंद आहे. खोकल्याच्या अनेक औषधांत टर्ब्युटालीन असतं, ते बाराही महिने बंद आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या दिवशी लघवीत त्याचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं तर कारवाई होते. डॉक्टरांनी दिलं होतं, हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर प्रत्येक घटक नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) ‘नो युवर मेडिसिन’ अ‍ॅपवर तपासा. खरोखर गरज असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो. औषधाच्या खोक्याचा फोटो आणि चिठ्ठी जपून ठेवा.

प्रश्न: हाफ 1:13:30 मध्ये होते. पहिल्या फुल मॅरेथॉनमध्ये अर्धं अंतर 1:14 ला पार केलं, 30 किमीनंतर पायच उचलेनात, शेवट 2:45. पुढच्या वेळी काय बदलू?

अर्धं अंतर तुम्ही तुमच्या सर्वोत्तम हाफच्या वेगाने काढलंत, म्हणजे 30 किमीच्या पुढचं सगळं बळ आधीच वापरलं गेलं. हाफच्या वेळेला 2.085 ने गुणलं की फुलचा अंदाज येतो. तुमचा 2:33 निघतो. आठवड्याला 110-120 किमी धावणाऱ्याला तो लागू पडतो, 80-90 वाल्याला नाही. तुम्ही 2:36 धरा: किलोमीटरला 3:42, अर्धं अंतर 1:18 मध्ये. पहिले 5 किमी 3:45 ने गेले तरी चालेल. मुंबईत वर्षानुवर्षं पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यावर आला आहे. मार्ग बदलतो, म्हणून या वर्षीचा नकाशा बघा आणि चढाला वेग नाही, श्रम सारखे ठेवा.

खाण्याचा हिशेबही चुकला असणार. शेवटचे दोन दिवस वजनाच्या किलोमागे 8 ते 10 ग्रॅम कर्बोदकं लागतात. 58 किलोच्या माणसाला साधारण 500 ग्रॅम. दिवसभरात 300 ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, 100 ग्रॅम पोहे, चार केळी, 50 ग्रॅम गूळ आणि 40 ग्रॅम साखरेचं लिंबू सरबत, एवढ्यात ते बसतं. उसळी, पालेभाज्या, तळण त्या दोन दिवसांत कमी करा. वजन किलोभर वाढेल, ते साठ्याबरोबर आलेलं पाणी आहे. पहाटे पाचची सुरुवात असेल तर अडीचच्या सुमारास 60 ते 80 ग्रॅम कर्बोदकं: दोन केळी आणि जॅम लावलेला ब्रेड. शर्यतीत तासाला 60 ग्रॅम, म्हणजे 25 ग्रॅमचं जेल दर 25 मिनिटांनी, पहिलं 25 व्या मिनिटाला, भूक लागण्याची वाट न पाहता आणि प्रत्येक वेळी पाण्याबरोबर. हे सगळं आधी चार-पाच लाँग रनमध्ये करून बघा. पोटालाही सरावाची गरज असते. नाशिक-पुण्याच्या कोरड्या थंडीतून मुंबईच्या दमट हवेत येणाऱ्याने किलोमीटरमागे तीन-चार सेकंद सोडून द्यावेत.

प्रश्न: घड्याळात 21.34 किमी दिसतं. आयोजकांनी अंतर जास्त ठेवलं का? निकालातली वेळही माझ्या वेळेपेक्षा 18 सेकंद जास्त आहे.

प्रमाणित मार्ग सर्वांत छोट्या रेषेने, वळणाच्या कडेपासून 30 सेंटिमीटरवरून मोजतात, शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारात एक एवढी भर घालतात. तुम्ही वळणं बाहेरून घेतली आणि उंच इमारतींमध्ये घड्याळाचा सिग्नल भरकटला, की दोनशे-तीनशे मीटर सहज वाढतात. वेगाचा हिशेब रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकांवरून ठेवा. 18 सेकंदांचा फरक म्हणजे गन टाइम (शर्यत सुटल्याच्या क्षणापासूनची वेळ) आणि चिप टाइम (तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ) यांतला फरक. बक्षिसाचे क्रमांक सहसा गन टाइमवर लागतात, म्हणून क्रमांकासाठी धावणाऱ्याने पहिल्या रांगेतच उभं राहावं.

प्रश्न: वय 19. नडगीच्या आतल्या बाजूला खालच्या भागात बोटाएवढ्या जागेत दुखतं. आधी धावणं संपताना दुखायचं, आता पहिल्या पावलापासून. एक्स-रे नॉर्मल. चार महिन्यांपासून पाळी आलेली नाही, पण वजन कमी झाल्यावर वेळ सुधारली होती.

धावणं आजच थांबवा. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखलं तर ती बहुधा नडगीच्या आवरणाची सूज असते. एकाच बिंदूवर दाबल्यावर कळ येते तेव्हा हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. दुखणं नडगीच्या पुढच्या कडेवर किंवा जांघेत असेल तर तो अधिक धोक्याचा प्रकार आहे, तेव्हा त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

पाळी बंद होणं आणि हाड दुखणं या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की शरीर आधी पाळी बंद करतं. इस्ट्रोजेन घटतं आणि हाड स्वतःला दुरुस्त करेनासं होतं. वजन उतरल्यावर सुरुवातीला वेळ सुधारते, म्हणून कुणाला शंका येत नाही, उलट शाबासकी मिळते. तीन महिने पाळी नाही म्हणजे डॉक्टरकडे जायचं, हा नियम प्रत्येक मुलीने आणि तिच्या प्रशिक्षकाने पाळावा. ज्या मुलीला पंधरा पूर्ण होऊनही पहिली पाळी आलेली नाही, तिलाही दाखवा. ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि फेरिटिन तपासून घ्या. पाळी आणण्यासाठी नुसत्या गोळ्या घेऊन भागणार नाही, जेवण वाढवावं लागेल. सरावानंतर अर्ध्या तासात दूध-केळी किंवा दोन अंडी-पोळी इथून सुरुवात करा आणि रिकाम्या पोटी लांब धावणं बंद करा.

हाड भरायला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. चालताना न दुखल्यास सायकल आणि पाण्यात धावणं चालेल. परतताना एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं असे दहा फेरे, दिवसाआड, मऊ मातीवर. हा हंगाम सोडा. पुढच्या वर्षी तुम्ही विशीत असाल.

प्रश्न: पत्रकावर 6:30 लिहिलेलं असतं, पाहुणे येईपर्यंत 7:40 होतात. वॉर्मअप वाया जातो आणि ऊनही चढतं.

वॉर्मअपचे दोन भाग करा. ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटं हलकं धावणं एवढंच. वेगाचे चार तुकडे राखून ठेवा आणि भाषणं संपून रांगा लागू लागल्या की करा. अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट ठेवा. पाऊण तासापेक्षा उशीर झाला तर अर्धं केळ किंवा दोन खजूर आणि थोडं पाणी घ्या. सावलीत बसून राहा, उभं राहू नका. सात वाजल्यानंतर सुटलेल्या शर्यतीत पहिले 3 किमी ठरलेल्या वेगापेक्षा चार-पाच सेकंद सावकाश धावा, ऊन सगळ्यांनाच लागणार आहे आणि माणसं 7 व्या किलोमीटरनंतर मागे पडू लागतात. त्या दिवशीच्या वेळेपुढे वहीत सुरुवातीची खरी वेळ आणि तापमान लिहा, नाहीतर महिन्याभराने तोच आकडा फॉर्म गेल्याचा पुरावा वाटेल.